बावीस रणगाडे

सकाळी दहाला फोन वाजला तेव्हा ब्रिगेडियर साहेबांनी पहिली घंटा पुरी होऊ दिली नाही. राजधानीतल्या एकुलत्या एक रणगाडा तुकडीचे ते प्रमुख. दुपारी बाराला राष्ट्राध्यक्षांना हटवण्यावर संसदेत मतदान होतं, आणि राष्ट्राध्यक्ष मुकाट्यानं खुर्ची सोडणाऱ्यांतले नव्हते.

फोनवर सरसेनापती होते. अकादमीत दोघं एका खोलीत राहिलेले, तेव्हापासून अरेतुरे.

"रणगाडे काढ. साडेअकराच्या आत संसदेला वेढा."

"लेखी आदेश पाठव."

"माझ्या शब्दाला किंमत नाही?"

"आहे रे. पण माणसांवर रणगाडे घालायचे, तर कागदावर कुणाची तरी सही नको?"

फोन दाणकन आदळला.

सरळ नकार दिला, तर तासाभरात साहेबांच्या जागी कुणी होयबा येऊन बसणार. ते तडक शेडमध्ये गेले. तिथला मुख्य मेकॅनिक, सगळ्यांचा उस्ताद, इंजिनात डोकं खुपसून उभा होता.

"उस्ताद, बॅटऱ्यांची तपासणी कधी झाली?"

"गेल्याच आठवड्यात, साहेब."

"परत करा. सगळ्या उतरवा आणि छावणीच्या त्या टोकाच्या गोदामात न्या. आत्ताच्या आत्ता."

उस्तादानं साहेबांकडे नीट पाहिलं, मग मिशीतल्या मिशीत हसला. "खरंय. बॅटऱ्या कधी दगा देतील, काय भरवसा!"

मग जी पळापळ उडाली! पाने खणखणले, ट्रक भरभरून निघाले. सव्वाअकराला बावीस रणगाडे नुसते लोखंडाचे ठोकळे होऊन उभे होते.

तेवढ्यात सरसेनापतींची जीप कचकन थांबली. एका नजरेत त्यांना सगळं कळलं.

"बायको संसदेत लघुलेखिका आहे म्हणून हातपाय गळाले तुझे?"

"ती तिथं नसती तरी हेच केलं असतं," साहेब म्हणाले. खरंच केलं असतं का? विचार करायला सवड नव्हती.

सरसेनापतींनी जवानांना बॅटऱ्या परत आणायला पिटाळलं. शेडमधल्या रेडिओवर मतदान सुरू झालं होतं. बारा वाजून दहा मिनिटांनी पहिला रणगाडा धडधडला. साहेब चालत गेले आणि त्याच्या पुढ्यात उभे राहिले. जागचे हलले नाहीत.

"चल पुढे!" सरसेनापती ओरडले.

चालकानं एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा साहेबांकडे. मग इंजिन बंद केलं आणि खाली उतरून सावधान उभा राहिला.

शेडमध्ये एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत रेडिओवरचा आवाज आला: ठराव मंजूर. राष्ट्राध्यक्ष पदावरून दूर.

सरसेनापती मटकन एका खोक्यावर बसले. "आता मला अटक करशील?"

"ते पोलिसांचं काम. तू आधी पाणी पी."

चौकशी साहेबांचीही झाली. "हुकूम माझा होता, उस्तादाचा काही संबंध नाही," एवढंच ते म्हणाले. तुकडी त्यांच्याकडून काढून घेतली गेली. वाईट वाटलं, पण झोप मात्र छान लागली.

मतदानाच्या दिवशी संध्याकाळी मात्र बायको घरी आली ती दारातूनच कडाडली, "अहो, रणगाड्यापुढे उभे राहिलात म्हणे? घरात पाल दिसली तर खुर्चीवर चढता तुम्ही!"

"पालीचं वेगळं आहे," साहेब म्हणाले. "ती कुणाचं ऐकत नाही." मग दोघंही डोळ्यांत पाणी येईतो हसत सुटली.