खाली सरकणारी सीट

मित्रांनो, मी एक जुनी सायकल आहे. घंटी वाजते, ब्रेक लागतात आणि दोन्ही चाकांचे अजून आपसांत पटते. आज मात्र मी माझ्या सीटखालच्या दांड्याची हकिगत सांगणार आहे. लोखंडाचा वीतभर तुकडा तो, पण त्याच्यापायी एका चांगल्या बाईवर हातचे काम सोडायची वेळ आली होती.

कारखान्यात माझ्या नळ्या जोडल्या, हिरवा रंग चढला आणि दुकानाच्या छताला मी उलटी टांगली गेले. तिथून मला खाली उतरवले ते नर्सबाईंनी. दवाखान्यातून घरी गेलेल्या रुग्णांना जाऊन मलमपट्टी करायची, इंजेक्शन द्यायचे, हे त्यांचे काम. औषधांची पेटी कॅरिअरवर आणि बाई सीटवर, अशा आम्ही साऱ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. उतारावर बाई गाणे म्हणायच्या. आम्ही दारात पोचलो, की आतून कोणीतरी म्हणायचे, "आल्या बाई, आल्या!" ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. लोखंडावर कुठून चढणार म्हणा, पण चढायचे.

एकदा रस्त्याकडेला उभी असताना रिव्हर्स येणाऱ्या ट्रकने मला आडवे केले आणि सीटचा दांडा वाकला. दुकानात त्या मापाचा मिळेना, म्हणून दुसरा बसवला. तो केसभर बारीक होता. "घट्ट आवळलाय, आता हलायचा नाही," दुकानदार म्हणाला. दांडा हलला नाही, पण सरकू लागला. तोही इतका सावकाश, की बाईंना पत्ताच लागला नाही.

त्यात बाईंच्या यजमानांचा माझ्यावर भारी जीव. ते छापखान्यात कामाला होते. तिथे यंत्रांना तेल द्यायचे आणि सुट्टीच्या दिवशी घरी मला. साखळीला तेल, पायडलला तेल आणि उरलेले सीटच्या दांड्यावर. "कुरकुरायला नको बिचारी," म्हणायचे. आधीच बारीक दांडा, त्यावर तेल! मला तोंड असते तर मी बोंब मारली असती.

सीट खाली गेली, तसे बाईंचे गुडघे वर आले. पायडल मारताना पाय सरळच होईना. गुडघे दुखू लागले. चढ आला की बाई उतरून मला ढकलत नेऊ लागल्या. गाणे बंद झाले. रुग्ण वाट बघत ताटकळू लागले.

एका संध्याकाळी गुडघ्यांना शेक देता देता बाई म्हणाल्या, "अहो, माझ्याच्यानं आता होत नाही. टेबलावरचं काम देतात का विचारते, नाहीतर सोडून देते. सायकलही देऊन टाकू कुणाला तरी."

यजमान उठले. बाहेर येऊन त्यांनी माझ्या हँडलवर हात ठेवला. मग तेलाची कुपी आणून त्यांनी दांड्यावर आणखी चार थेंब सोडले. मित्रांनो, इतक्या प्रेमाने माझे वाटोळे कोणी केले नव्हते.

दुसऱ्या दिवशी बाईंची नणंद आली. ती शहरात बस चालवायची. आल्या आल्या हसत सुटली. "वहिनी, काल बस घेऊन तुझ्या मागेच होते मी. सर्कशीतलं अस्वल सायकल चालवतं ना, अगदी तश्शी दिसत होतीस. गुडघे कानाला!"

"हस बाई. इथे गुडघे कामातून गेलेत माझे."

नणंदेचे हसू मावळले. "असं? जरा बस बघू सायकलवर." बाई बसल्या. नणंद खाली वाकली, मला मागून पुढून न्याहाळून उठली. "गुडघे नाही गेले गं, सीट खाली गेलीय! मी बसमध्ये आधी सीट लावून घेते, नाहीतर माझी कंबर धरते."

यजमान पाना घेऊन धावले. सीट वर ओढली, नट आवळला. बाई बसल्या आणि हळूहळू खाली आल्या. पुन्हा आवळला. पुन्हा तेच. "दादा, तोडशील नट!" नणंद ओरडली. शेवटी त्यांनी दांडा पूर्ण उपसला. हात तेलाने माखले.

"इथे तेल कशाला हो घातलंत?" बाईंनी विचारले.

"कुरकुर नको म्हणून..." बोलता बोलता त्यांचा चेहरा उतरला. "म्हणजे तुझं दुखणं माझ्यामुळेच..."

बाई रागावल्या असत्या तर कोणी त्यांना नावे ठेवली नसती. पण त्यांनी पेटीतला कापूस आणि स्पिरिट काढून नवऱ्याच्या हातात दिले. "तोंड पाडून बसू नका. पुसा आता." दांडा पुसला, नळीही आतून पुसली. मग रिकाम्या डब्याच्या पत्र्याची पातळ पट्टी कापून, तिच्या कडा घासून ती दांड्याभोवती गुंडाळली. दांडा नळीत गच्च बसला. जिथे तो बाहेर येतो तिथे नणंदेने आपल्या नेलपॉलिशची लाल रेघ ओढली. "ही दिसेनाशी झाली, की समजायचं सीट पुन्हा सरकली."

दुखणे एका दिवसात गेले नाही, पण गेले. टेबलावरच्या कामाचा विषय पुन्हा निघाला नाही.

पुढे एका घरी आजोबांनी अंगणात येणे सोडले होते. "पाठ धरते," म्हणायचे. बाईंनी इंजेक्शन दिले, पेटी उचलली आणि दारातून परत फिरल्या. "आजोबा, काठी घेऊन उभे राहा बघू." काठी फारच आखूड होती. "कुणाची ही?"

"आमच्या हिची. ती गेली, तेव्हापासून मीच वापरतो. दुसरी नको मला."

"दुसरी नाही आणत. हिलाच खालून जोड देऊ," बाई म्हणाल्या.

जोड दिलेली काठी टेकत आजोबा मी उभी होते तिथपर्यंत आले आणि जरा वेळ उन्हात थांबले.

मित्रांनो, कोणी कुरकुरू लागले, तर ते जुने झाले म्हणून मोकळे होऊ नका, आणि मायेपोटी भलताच उपायही करू नका. आधी जवळ जा, वाका आणि नीट बघा. आम्हाला बोलता येत नाही. आणि ज्यांना येते, ती माणसेही सगळे सांगत नाहीत.