बावीस पावलं

सूनबाई दहा किलोमीटरच्या शर्यतीला उभी राहिली, तेव्हा ती आयुष्यात सलग बावीस पावलांपेक्षा जास्त कधी पळाली नव्हती. ऐकणाऱ्याला ही थट्टा वाटेल, पण खरंच सांगतो. तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या घरासमोरची गॅलरी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत बावीस पावलं भरायची. बावीस पावलं, वळा, पुन्हा बावीस. वीस खेपा झाल्या की कपड्यांच्या दोरीवरचा एक चिमटा डावीकडून उजवीकडे सरकवायचा. तेहेतीस चिमटे सरकले की झाले दहा किलोमीटर. चार महिने ती रोज पहाटे चिमटे सरकवत होती.

"रस्त्यावर का नाही पळत, वहिनी?" औषधाच्या दुकानदारानं विचारलं होतं. त्याचं दुकान इमारतीच्या खालीच होतं आणि शर्यतीचा कागद त्याच्याच काउंटरवर तिच्या हाती लागला होता.  घरात सासरे होते आणि सासऱ्यांच्या हाताशी घंटा होती.

अर्धांगाच्या झटक्यात सासऱ्यांची वाचा गेली त्याला तीन वर्षं झाली. डावा हात तेवढा शाबूत राहिला. नवऱ्यानं त्या हातात पितळेची छोटी घंटा आणून दिली आणि स्वतः जहाजावरच्या नोकरीवर निघून गेला, कर्तव्य पार पडलं! एकदा वाजली की पाणी. दोनदा वाजली की लघवीचं भांडं. तीनदा वाजली की काहीच नको, घरात कुणी आहे ना, एवढंच बघायचं. तीनदाचीच सगळ्यात जास्त वाजायची. अंगाला साबण लावलेला असो की गॅसवर दूध चढलेलं असो, ती हातातलं टाकून धावायची. "आहे, बाबा. इथंच आहे." तिला त्यांचा राग यायचा, आणि झटक्यानं पडलेल्या माणसाचा राग येतो म्हणून स्वतःची लाज वाटायची. घंटा ऐकू येईल तेवढंच तिचं जग उरलं होतं.

शर्यतीच्या दिवशी नणंद येऊन बसायला तयार झाली, पण मोठे उपकार केल्यासारखी. "साडेआठ म्हणजे साडेआठ हं, वहिनी. नऊला मला पार्लर उघडायचंय. उशीर केलास तर पुन्हा मला सांगायचं नाही."

त्या 'पुन्हा'वर सूनबाईचा सगळा डाव होता. आजचा दिवस नीट पार पडला, तर दर रविवारी दोन तास मागायचे. आठवड्याचे दोन तास, बस्स. तिनं देवालासुद्धा कधी एवढं मागितलं नव्हतं.

साडेसहाला शर्यत सुटली आणि पहिल्याच मिनिटाला घोळ झाला. बावीस पावलं भरली आणि सूनबाई आपोआप वळली. मागून येणारा एक जाडजूड गृहस्थ तिच्यावर आदळला.

"अहो ताई, इंडिकेटर तरी द्या!"

लोक हसले. तीही हसली, पण कान लाल झाले. मनाला कितीही समजावलं तरी पायांना कोण सांगणार? दर बावीस पावलांना उजवा पाय तिरका पडायचा, आणि ती दात-ओठ खाऊन त्याला सरळ करायची. तिसऱ्या किलोमीटरनंतर मात्र पाय विसरले. समोर भिंत येईचना. रस्ता आपला पुढे, आणखी पुढे. तिला धाप लागली होती, बरगडीत कळ येत होती, आणि इतका आनंद होत होता की तिला भीतीच वाटली.

सात किलोमीटरचा बोर्ड गेला, त्याच्यापुढे पाण्याचं टेबल गेलं, आणि पाठीमागून घंटा वाजली. तीनदा.

सूनबाई गर्रकन वळली आणि आलेल्या रस्त्यानं उलटी धावत सुटली. "आले, आले!" टेबलाशी पोचली तेव्हा तिचा जीव मेटाकुटीला आला होता. "काय हवंय, बाबा?"

टेबलामागे टोपी घातलेला एक म्हातारा धावणाऱ्यांना हुरूप द्यायला हातात घंटा घेऊन उभा होता. तो बावचळला. "मला? मला काही नको. तुम्हालाच पाणी हवंय का?"

तिला एकदम सगळं कळलं, आणि तिथंच बसून रडावंसं वाटलं. ती कशीबशी म्हणाली, "मी त्या वळणापलीकडे जाईपर्यंत वाजवू नका. मागच्यांसाठी नंतर वाजवा."

"मागे कुणी नाही हो. तुम्ही शेवटच्या."

"मग कुणासाठी वाजवताय?"

"तुमच्यासाठीच की!" म्हातारा मनापासून म्हणाला आणि त्यानं घंटेचा दणका उडवून दिला.

ते दोनशे-तीनशे पावलांचं अंतर ती कशी गेली, ते तिचं तिलाच ठाऊक. घंटा पाठीवर वाजत होती. तिनं दोन्ही कानांवर हात घट्ट दाबले होते आणि ती घंटेकडे पाठ करून पळत होती, तीन वर्षांत पहिल्यांदाच.

पुढे चौकात डावीकडे तिच्या घराची गल्ली लागली. घड्याळात आठ वाजून पाच मिनिटं झाली होती. इथून वळलं तर साडेआठच्या आत घरी, नणंद खूश, पुढचे रविवार पक्के. घंटेनंतर पायांनासुद्धा पुन्हा वळायचंच होतं, त्यांना दुसरं काय येत होतं? पण समोर भिंत नव्हती. भिंत नसताना वळणं आता तिला जमेना. ती सरळ गेली.

शेवटच्या रेषेवरच्या फुगवलेल्या कमानीची हवा सोडायला सुरुवात झाली होती. एकानं ती वर धरून ठेवली, ती वाकून खालून गेली. पदकांचं खोकं बंद झालं होतं. तिला एक केळं मिळालं.

नऊला दहा कमी असताना ती जिन्यात पोचली आणि थबकली. घरातून घंटेचा आवाज येत नव्हता.  तीन मजले ती एका दमात चढली.

दारात नणंद पर्स खांद्याला लावूनच उभी होती. "दोन तासांत सत्तर वेळा वाजवली बाबांनी! डोकं उठलं माझं. तू वेडी कशी झाली नाहीस गं?" एवढं बोलून ती चपलेत पाय घालू लागली. "आणि काय शिकलीस एवढं धावून? घड्याळ बघायला तरी शिकायचंस. आता पुन्हा मला सांगू नकोस."

आत सासरे उशीला टेकून बसले होते. घंटेच्या लोलकाला नणंदेनं हातरुमाल गुंडाळून वर रबर लावलं होतं. ते मुकी घंटा हलवत होते. तीनदा. थांबून पुन्हा तीनदा. तिनं रबर काढलं, रुमाल सोडवला. घामानं निथळणारं तिचं मनगट त्यांनी धरलं आणि बराच वेळ सोडलं नाही. तिला त्यांची दया आली, आणि ते मनगट हिसकावून घ्यावंसंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे सूनबाई गॅलरीत आली, सवयीनं. एकोणीस, वीस, एकवीस, बावीस. पाय वळलेच नाहीत. ती सरळ भिंतीवर जाऊन आदळली, दोन्ही तळवे सोलपटले.

आत घंटा वाजली. तीनदा.

"आहे, बाबा," ती म्हणाली. "इथंच आहे."

भिंतीवरचे हात मात्र तिला काढता येईनात.