लाल पाटी

बर्फाळ पावसाने भरदुपारी विजेच्या तारा तोडल्या आणि व्हर्लिनचं प्राणवायूचं यंत्र बंद पडलं. आर्लिसने नवऱ्याची नळी सिलिंडरला जोडली. काटा सांगत होता, फार तर एक तास. गावाकडच्या रस्त्यावर झाडं आडवी पडलेली. अशा वेळी प्राणवायू घेऊन धावणारा आगीचा बंब गावात होता, पण चालवायला माणूस नव्हता. पवनचक्क्यांच्या मतदानावरून भांडून बंबावरच्या सगळ्या स्वयंसेवकांनी राजीनामे फेकले होते.

चार वर्षांपूर्वी इथे 'होवाले' आणि 'नकोवाले' अशा जातीच नव्हत्या. पवनचक्क्यांच्या कंपनीचा माणूस जमिनीची करारपत्रं घेऊन आला, अंगणाअंगणात होकाराच्या हिरव्या आणि नकाराच्या लाल पाट्या उगवल्या आणि चर्चच्या जेवणाला टेबलंसुद्धा वेगळी झाली. व्हर्लिन आधी गाई पाळणारा, पत्त्यांत लबाडी करणारा माणूस होता. आता तो नुसता नकोवाला उरला होता. शेजारचा डेल पस्तीस वर्षं न सांगता त्यांच्या दारातला बर्फ ट्रॅक्टरने काढून द्यायचा. त्याने पवनचक्कीसाठी जमीन दिली, इकडे लाल पाटी लागली, आणि त्या हिवाळ्यापासून ट्रॅक्टर फाटकावरूनच पुढे जाऊ लागला.

डेलकडे जनरेटर होता. त्याची घरघर इथवर ऐकू येत होती.

आर्लिसने अंगणातली पाटी हिसकून उपटली. तिचा एक पाय तुटून गोठलेल्या मातीतच राहिला. पाटी बगलेत मारून ती घसरत, रडत डेलच्या दारात पोचली.

"ही घे, जाळून टाक हवी तर. व्हर्लिनचा श्वास संपत आलाय."

"पाटी कशाला आणलीस गं?"

"नाहीतर दार उघडलं असतंस?"

डेलने मान खाली घातली. घालायलाच हवी होती. त्याने जनरेटर ट्रॅक्टरवर चढवला, पाटीही त्यावरच टाकली आणि दहा मिनिटांत यंत्र पुन्हा सुरू करून दिलं.

व्हर्लिन खिडकीतून अंगण बघत होता.

"पाटी कुठंय?"

"मी काढली."

"आणि ही वीज कुणाची?"

"अरे, आधी श्वास घे ना!"

त्याने नळी नाकातून ओढून मुठीत धरली. ओठ निळे पडले होते. "आपले लोक म्हणतील... व्हर्लिन फुटला. आधी पाटी लाव."

तिने नळी परत लावायचा प्रयत्न केला. त्याने तिचा हात झटकला. कुठून आली एवढी ताकद, देव जाणे. मेल्या, तुझ्या पाटीला आग लागो, असं ओरडत ती बाहेर धावली.

 डेलने ट्रॅक्टरवरची लाल पाटी दोन्ही हातांनी सरळ धरली आणि आर्लिस हातोडा घालू लागली. माती दगडासारखी झाली होती. एका पायावर पाटी उभी राहीना. प्रत्येक घावागणिक कलंडायची.

"झालं रे व्हर्लिन, लावतेय!"

खिडकीतली मूठ हळूहळू खाली आली. नळी नाकाकडे गेली नाही.