शेणाचं विरजण

रतनच्या शेगडीचा जाळ दिवसभर निळाशार, आणि माझा दुसऱ्या भाकरीलाच मान टाकायचा. आम्हा दोघी जावांच्या दारात गोबरगॅसच्या टाक्या एकदमच बसल्या, गायीही सारख्याच. पण ही धाकटी तिसगावच्या बाजारातून सडका भाजीपाला पोत्यानं आणायची, बारीक चिरून शेणात कालवायची. गाव तिची टाकी बघायला येई आणि माझ्या अंगाचा तिळपापड होई.

त्यात सासूबाई तिच्याकडे जेवायला लागल्या. इतकी वर्षं माझीच भाकरी गोड लागत होती ना? आता म्हणे, "तिच्याकडं कवाबी गरम मिळतंय गं, मालन." एवढ्याशा गॅसपायी माझी सासू पळवली!

मीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हते. ती पाटीभर टाकते काय? जत्रेच्या जेवणावळीतलं उरलेलं सगळं मी उचलून आणलं. भात, लिंबाच्या साली, आंबलेलं ताक, सगळं एकदम टाकीत ओतलं. आठवड्याच्या आत आंबूस घाण सुटली आणि होता तो जाळही गेला. मी पुन्हा चुलीपुढे फुंकणी घेऊन डोळे चोळत बसले.

सासूबाई नाकाला पदर लावून आल्या. "टाकी आंबली तुजी. रतनीकडनं इरजण आन."

आमच्यात भांडण असलं तरी विरजणाला कुणी नाही म्हणत नाही. तेवढ्या आधारावर बादली घेऊन गेले. रतननं आपल्या टाकीतलं पातळ शेण बादलीत काठोकाठ ओतलं. "जाऊबाई, ह्ये टाका आन थोडे दिस दुसरं कायबी घालू नका. मग शेन, आन पाला जरा जराच." हसली नाही. हसली असती तर भांडता तरी आलं असतं.

जाळ आला. निळा, अगदी तिच्यासारखा. सासूबाईंना हाताला धरून आणलं, चहा पाजला.

"झ्याक हाय," बशी खाली ठेवत त्या म्हणाल्या. "आज हितंच जेवते."

माझा जीव सुपाएवढा झाला.

"आन रतनीलाबी बोलव. जाळ तुजा असला तरी इरजण तिचं हाय."

बोलावलं. तिच्या ताटातली पहिली भाकरी मात्र मुद्दाम करपू दिली. जाळ आता तेवढा चांगला होता.