दुपारी पुसलेली वाट

मित्रांनो, मी एक जुना राखणदार संगणक आहे. मला फायरवॉल म्हणतात. आता बीडमधल्या एका अडत दुकानाच्या माळ्यावर धूळ खात पडलोय, पण एके काळी माझ्या परवानगीशिवाय इथं पान हलत नसे!

नवं शतक नुकतंच लागलं होतं. सुनेच्या, म्हणजे रुद्राणीच्या हट्टापायी संगमेशअप्पांनी दुकानाच्या वर संगणक केंद्र काढलं. नेकनूर, नांदूरघाटचे लोक गावात बसून इंटरनेटवर कापसाचा भाव विचारायचे. बाहेरचा संगणक प्रश्न घ्यायचा, आतला उत्तर शोधायचा आणि दोघांच्या मधे मी. ते दोघं एकदा जोडलेली वाट तशीच उघडी ठेवत. पण वाटेवर बराच वेळ कोणी फिरकलं नाही, तर ती गुपचूप पुसून टाकायची, अशी मला सक्त ताकीद होती.

घोळ झाला तो तिथंच. दुपारी जेवून सगळं दुकान आडवं व्हायचं, गावंही पेंगायची. मग नेकनूरचा पहिला प्रश्न मी पुसलेल्या त्याच जुन्या वाटेनं यायचा आणि माझ्यापाशी अडायचा. बाहेरचा संगणक बिचारा ताटकळत बसायचा. रुद्राणी सगळं बंद करून पुन्हा चालू करायची, की सुरळीत! दुसऱ्या दिवशी तेच रडगाणं.

"पोरी, लोकं शिव्या द्यायलेत," अप्पा वैतागले. "बाजाराच्या दिवशी बी अडलं, तर हे सगळं विकून टाकतो. मग बस घरी."

रुद्राणीचा चेहरा पडला. मला लई वाईट वाटलं, पण बोलणार कसा?

बाजाराचा दिवस उजाडला. त्या दिवशी झोपायला सवड कुणाला? भाव विचारणाऱ्यांची रीघ लागली आणि एकदाही काही अडलं नाही.

"झालं की गं नीट!" अप्पा खूश.

"अप्पा, मी तर काहीच केलं न्हाई," रुद्राणी विचारात पडली. "आज आपण झोपलो न्हाई, एवढंच."

ती तडक माझ्यापाशी आली, माझे नियम वाचले आणि कपाळावर हात मारून हसली. मग तिनं आतल्या-बाहेरच्या दोन्ही संगणकांना अधूनमधून एकमेकांची खुशाली विचारायला लावलं. तेव्हापासून वाट कधी ओस पडली नाही, दुकान कितीही घोरो! अप्पांनी केंद्राच्या किल्ल्या तिच्याच हातात दिल्या.

पुढं नवा राखणदार आला आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. चालायचंच. पण मित्रांनो, यंत्र असो की माणूस, अडलं की लगेच मोडीत काढू नका. ते कोणत्या वेळी अडत नाही, तेही एकदा बघा. रुद्राणीनं बघितलं, म्हणून तिला घरी बसावं लागलं नाही.