चिमणाबाई भ्र. रावजी

सदतीस सालच्या निवडणुकीत रावजीशेठ मुंबईच्या कायदेमंडळाला उभा राहिला, आणि गरिबाच्या डोक्यावर छप्पर असावं असं त्याला फार वाटतं, हे नाशिकला पहिल्यांदाच कळलं. भद्रकालीतल्या सभेत छातीवर हात ठेवून तो म्हणाला, "घरपट्टी उतरवीन, पाणीपट्टी उतरवीन, मजुराला हक्काची खोली देईन." लोकांनी टाळ्या पिटल्या. मुंबईत बसून नाशिकची पट्टी हा कशी उतरवणार, हे विचारायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

त्याच रावजीशेठच्या चाळीत, अगदी मागच्या खोलीत, चिमणाबाई राहत होती. ती त्याची पहिली बायको. नामपूरला अंतरपाट धरून, चार गावं जेवू घालून लागलेलं लग्न. पुढे नाशकात कंत्राटं मिळाली, पैसा आला, पैशामागून मंगलाबाई आली, आणि चिमणाबाईची रवानगी मागच्या खोलीत झाली. तेही तिनं गिळलं. पण आता चाळ पाडून तिथे गुदाम बांधायचं शेठनं मनावर घेतलं. खोली सोड म्हणाला, ती नाही म्हणाली, प्रकरण कोर्टात गेलं. आणि कोर्टात या बहाद्दरानं काय लिहून द्यावं? तर, ही बाई माझी कुणी नाही, घरी स्वयंपाकाला होती, दया येऊन ठेवून घेतली. जिभेला हाड नसतं म्हणतात, याच्या जिभेला तर लाजही नव्हती.

खोली जाण्याचं दुःख होतंच. पण स्वयंपाकीण हा शब्द चिमणाबाईला अंगावर थुंकल्यासारखा लागला होता.

तिची बाजू गायधनी वकील लढवत होते. ते म्हणाले, "लग्न झालं असं सांगणारा एक तरी माणूस आणा, बाई." ती नामपूरला जाऊन आली. लग्न लावणारे भटजी केव्हाच वारले होते, माहेरचं कुणी उरलं नव्हतं, आणि शेठचे भाऊबंद झाडून सगळे शेठच्याच कामांवर मुकादम. त्यांनी तिला चहा पाजला आणि म्हणाले, "वहिनी, आमले काही याद नही." ती तशीच परत आली.

त्यात ही निवडणूक. घरपट्टी भरणाऱ्याच्या बायकोला मत होतं, म्हणून शेठच्या कारकुनानं मतं वाढवायला दोघींचीही नावं यादीत घातली. मंगलाबाई भ्र. रावजी. चिमणाबाई भ्र. रावजी. भ्र. म्हणजे भ्रतार, नवरा. हे कळल्यावर चिमणाबाई धावत वकिलांकडे गेली. त्यांनी मान हलवली. "तो म्हणेल कारकून चुकला. यादीनं भागायचं नाही. त्याच्या तोंडून आलं पाहिजे, तेही चारचौघांत."

त्याच्या तोंडून काढायचं म्हणजे वाळूचं तेल काढायचं. ती घरी येऊन भाकरी थापत बसली, पण मनातून ते वाक्य जाईना.

मतदानाच्या आदल्या दिवशी शेठ स्वतः दारात येऊन उभा राहिला. लढत अटीतटीची झाली होती, एकेक मत गोळा करणं चाललं होतं. त्याची पेटी पिवळी, समोरच्याची लाल. हातातलं लुगडं त्यानं उंबऱ्यावर टाकलं.

"उद्या शाळेत ये. पिवळ्या पेटीत टाक. खोलीचं मग बघू."

"काय बघाल?"

"जास्त बोलू नकोस. तुझ्यासारखीला शेठ दारात येऊन सांगतो, तेच पुष्कळ आहे."

चिमणाबाईनं लुगडं पायानं बाजूला सारलं आणि म्हणाली, "येते." तो गेल्यावर तिनं ते लुगडं भंगिणीला देऊन टाकलं.

शाळेत बायकांची ही गर्दी. टेबलाशी मतदानाचे साहेब, शेजारी उमेदवारांची माणसं; लाल पेटीवाल्याकडून गायधनी वकीलच बसलेले. शेठ दाराशी हात जोडून उभा. साहेब प्रत्येकीला नाव विचारत, मग नवऱ्याचं नाव विचारत, आणि तिथेच गाडी अडे. नवऱ्याचं नाव कोण घेणार? कुणी उखाण्यात घेई, कुणाचा दीर पुढे होऊन सांगे. साहेब घामाघूम झाले होते.

चिमणाबाईची पाळी आली.

"नाव?"

"चिमणाबाई."

"नवऱ्याचं नाव?"

ती गप्प. साहेबांनी पुन्हा विचारलं. ती जमिनीकडे बघत उभी.

"उखाण्यात घ्या हवं तर."

"उखाणा येत नही," ती म्हणाली. हे सपशेल खोटं. नामपूरच्या लग्नांत हिच्या उखाण्यांपुढे भल्याभल्या बायका गप्प बसत.

"मग मताचा कागद मिळणार नाही. नवऱ्याचं नाव जुळल्याशिवाय ही बाई तीच, हे मी कसं मानू? बाजूला व्हा."

मागच्या बायका ढकलायला लागल्या. चिमणाबाई हलली नाही. पाय तिनं रोवले होते. मान वर न करता तिनं दाराशी उभ्या शेठकडे बोट केलं आणि म्हणाली, "मी कोन शे, ते त्यालेच इचारा."

साहेबांनी दाराकडे पाहिलं. शेठला हातचं मत जाताना दिसलं. तो तरातरा पुढे आला. "अहो, सोडा तिला. ही माझी बायको आहे."

"लग्नाची?" गायधनींनी मान वर न करता विचारलं.

"लग्नाची नाहीतर काय! नामपूरला लग्न लागलंय आमचं, सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक आहे." आणि बायकांची गर्दी ऐकते आहे हे बघून त्याला आणखी चेव आला. "बायकोची आब राखणारा माणूस आहे मी."

साहेबांनी तसं लिहून घेतलं, खाली शेठनं झोकात सही ठोकली. चिमणाबाईनं कागद घेतला, आत गेली आणि लाल पेटीत टाकला.

ती बाहेर आली तेव्हा शेठचा चेहरा उतरला होता. गायधनींनी त्या सहीच्या कागदाची नक्कल मागितली होती.

"अरे, ती स्वयंपाकीण आहे माझी," शेठ साहेबांच्या टेबलावर वाकून बोलत होता. "मतासाठी बोललो. खोडा ते."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "म्हणजे खोटी बाई उभी करून मत टाकवलंत? मग मला पोलिसांना बोलवावं लागेल. एकदाच काय ते सांगा शेठ. बायको की स्वयंपाकीण?"

रांगेतल्या बायका माना उंचावून बघायला लागल्या. रांगेत मंगलाबाईही होती, तिनं पदर तोंडावर ओढला. शेठनं गायधनींकडे पाहिलं, दारातल्या हवालदाराकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बायको."

चिमणाबाई दारापर्यंत पोचली होती. ती वळली.

"जोरमा सांगा," ती म्हणाली. "मांगे उभ्या बायासले आयकू येत नही."