चमचा न लागणारा सातू

हात थरथरायला लागले तसं आम्रपालीच्या बाबांनी सातूचं पीठ पाण्यात कालवून पिणं सोडलं. ढवळताना निम्मा गिलास सांडायचा, आणि गाठी तशाच. दुसऱ्यानं ढवळून दिलेला मात्र चालायचा नाही. लोखंडाच्या कारखान्यात ब्लास्ट फर्नेसच्या भट्टीवर जन्म काढलेला माणूस!

रसमडा गावातल्या फॅक्टरीत आम्रपालीचं कामच ते होतं: गरम हवेत उडणाऱ्या पिठावर पाणी फवारून चटकन विरघळणारे दाणे करायचे. साहेबांना विचारून तिनं घरचा सातू छोट्या मशीनला लावला. फवारा जोरात सोडला तर चिखल झाला. धुक्यासारखा बारीक केला तर पीठ कोरडंच उडत राहिलं. मग तिनं थेंब जरासे मोठे ठेवले आणि पाणी थांबत थांबत सोडलं. रव्यासारखे हलके दाणे झाले.

संध्याकाळी बाबांनी अर्ध्या गिलास पाण्यात ते दाणे टाकले. दाणे बुडाले आणि आपोआप मिसळले.

"चमचा नाई लागत?"

"नाई लागत, बाबा."

बाबा गिलासाकडे बघत बसले. मग त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला आणि तोंडाला न लावता आईपुढं धरला.

"घे वं रुक्मा. माया हातचा हाय."